गजराबाईच्या हातची पोळी

आमच्या घरात पाप हा शब्द मीठ-मिरचीइतका रोजचा होता. रॉकेल सांडलं तरी आई म्हणायची, "कुणाचं पाप गं हे?" आणि मी आणि धाकटा भाऊ एकमेकांकडे बघायचो. बाबा गावातल्या दोन खोल्यांच्या शाळेत मास्तर होते आणि शाळेला लागून असलेल्या पत्र्याच्या देवळात रविवारची उपासना तेच चालवायचे. चर्च हा शब्द मी नगरला नर्सिंग शिकायला गेल्यावर वापरायला लागले. गावात ते आमचं देऊळच. संध्याकाळी बाबा पेटी काढायचे. तिचा एक सूर कायमचा बसका होता, त्यामुळे आमच्या घरचं प्रत्येक गीत त्या जागी आलं की अडखळायचं. पुढे चांगल्या पेटीवर तीच गीतं ऐकली तेव्हा मलाच चुकल्यासारखं झालं.

मी सांगते आहे ते बहात्तरच्या दुष्काळाच्या वर्षाचं. ज्यांनी तो पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना कितीही सांगितलं तरी ते म्हणणार, म्हातारीला सवयच आहे. सकाळ उजाडली की माळावरून खडी फोडल्याचा आवाज यायला लागायचा. शेकडो हातोड्या, पण कुणाचीच दुसरीशी लय नाही. अर्धं गाव सरकारच्या त्या दुष्काळी कामावर होतं, पाटलांच्या घरच्या सुनासुद्धा डोक्यावरून पदर ओढून खडी फोडत होत्या. रेशनला लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळायची. तिची भाकरी थापताना कडा फाटायच्या, भाजली की चिवट व्हायची आणि गिळताना घशात उभी राहायची. आई तिच्यावर लसणाची चटणी घालून म्हणायची, खा मुकाट्यानं, मान्ना समजून. मान्ना म्हणजे बायबलात देवानं रानात भटकणाऱ्या लोकांना आकाशातून दिलेलं अन्न. भाऊ म्हणायचा, मान्ना असा असेल तर ते लोक चाळीस वर्षं कुरकुरले ते बरोबरच होतं. त्यावर त्याला धपाटा मिळायचा, पण आई तोंड फिरवून हसायची हे मी पाहिलंय. गव्हाचं पीठ एका पत्र्याच्या डब्यात तळाशी असायचं. त्या डब्याला आम्ही हात लावायचा नाही, कारण ते प्रभुभोजनाचं.

प्रभुभोजन, म्हणजे येशूची आठवण म्हणून सगळ्यांनी एकत्र घास खायचा आणि एका पेल्यातून प्यायचं, ते आमच्याकडे वर्षातून तीनदा व्हायचं. त्यासाठी पाळकसाहेब, आमचे धर्मगुरू, शेवगावहून एस.टी.ने यायचे. पाव तिथे कुठून मिळणार? बिनमिठाची, बिनतेलाची गव्हाची जाड पोळी करायची आणि तीच मोडून द्यायची. मनुका रात्रभर भिजवून, उकळून, गाळून द्राक्षरस करायचा. ही दोन्ही कामं आईची. त्या दिवशी ती न्हाऊन, धुवट लुगडं नेसून चुलीपुढे बसायची आणि आम्हाला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. मंडळीत आईला दुसरा काही मान नव्हता. ती बोलायची नाही, प्रार्थना पुढाकारानं करायची नाही, गाणंही खालच्या आवाजात. पण पोळी तिच्या हातची. आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, तयारीची सभा असायची. तिथे ज्यानं त्यानं आपलं पाप कबूल करायचं, ज्याच्याशी वैर असेल त्याच्याशी समेट करायचा आणि मगच रविवारी प्रभूच्या मेजाशी यायचं. मनात पाप लपवून जो तो घास खातो तो स्वतःवर शिक्षा ओढवून घेतो, असं बाबा दर वेळी बजावायचे. त्या वर्षी मी चौदाची होते आणि पहिल्यांदाच मेजाशी बसणार होते.

आता गजराबाईचं सांगते, आणि ते सांगायचं म्हणजे आमचं सांगावं लागतं. आमची मंडळी सगळी महारवाड्यातून आलेली. माझ्या आजोबांच्या वेळी ख्रिस्ती झालेली. गावातल्या विहिरीवर आम्हाला कसं वागवलं जायचं ते सांगायला आमच्या प्रत्येक घरात एक गोष्ट होती, आणि ती डोळ्यांत पाणी आणून सांगितली जायची. गजराबाई आली ती मांगवाड्यातून. नवरा वारलेला, दोन लहान पोरं. घायपाताचे दोर वळायची, झाडू बांधायची, आणि त्या वर्षी खडी फोडायची. बाबांनी तिला पाळकसाहेबांकडून बाप्तिस्मा देवविला तेव्हा मार्था असं नाव ठेवलं; पण बाबा सोडून तिला मार्था कुणी म्हटलं नाही. ती देवळात दाराशी बसायची. तिथे बस असं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. पण आमचा पेला एकच, पितळी, आणि तो पुढून मागे फिरत जायचा. दाराशी बसणाऱ्याचे ओठ त्याला सगळ्यात शेवटी लागायचे. हे सगळं न बोलता ठरलेलं होतं आणि गाव आमच्याशी कसं वागतं त्याबद्दल रडणाऱ्या आम्हा लोकांना त्यात काही खटकत नव्हतं. आज लिहिताना मला लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती, हेच तर सांगायचं आहे.

गजराबाईनं एके दिवशी बाबांना गाठून विचारलं की या वेळची पोळी मी आणू का. प्रभूनं मला एवढं दिलं, मी त्याला काय देऊ, असं काहीतरी ती म्हणाली. ज्याच्या दावणीला अजून बैल टिकून होते अशा एका शेतकऱ्याला तिनं दोन कासरे वळून दिले होते आणि बदल्यात ओंजळ-दोन ओंजळ गहू आणले होते. बाबांना भरून आलं. त्यांनी रविवारी उपासनेतच जाहीर करून टाकलं की यंदा पोळी मार्थाबाईंच्या घरून येईल. मंडळी आमेन म्हणाली, पण तो आमेन असा होता की जणू तोंडात घास आहे. घरी आल्यावर आई काही बोलली नाही. भांडी बोलली. पातेलं आपटलं, तांब्या आपटला, आणि मग ती एवढंच म्हणाली, "आधी एखाद्या लग्नाच्या पंगतीत बघायचं होतं. एकदम प्रभूच्या मेजावर?" बाबा म्हणाले, मेज त्याचं आहे, आपलं नाही. आई म्हणाली, पीठ तरी माझं होतं. त्यानंतर दोन दिवस आमच्या घरात फक्त मिलो चावल्याचा आवाज होता.

शनिवारी दुपारी बाबा पाळकसाहेबांना आणायला फाट्यावर गेले होते. आई पाण्याला गेली होती, आणि पाण्याला जाणं म्हणजे दीड-दोन तासांची निश्चिंती. गजराबाई आली. पायरीच्या खालीच उभी राहिली. पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली पोळी तिनं दोन्ही हातांनी माझ्यापुढे केली. "सुमनबाय, नीट ठिव गं," म्हणाली. "आंगुळ करून केलीया." तिच्या बोटांना खडीच्या कामानं भेगा पडल्या होत्या आणि भेगांमध्ये पांढरी धूळ बसली होती. मी पोळी घेतली ती फडक्याच्या टोकाला धरून. ती वळली आणि मी आत येऊन फडकं सोडलं. पोळी चांगली होती. गोल, आईच्या पोळीहून जराशीच पातळ, एका बाजूला जरा जास्त भाजलेली. उद्या माझ्या आयुष्यातला प्रभुभोजनाचा पहिला घास हा असणार, असं मनात आलं आणि मला मळमळलं. खोटं कशाला बोलू, मळमळलंच. आईला बरं वाटेल असंही मनात होतं, पण ते मागून आलं. आधी आली ती किळस. मी डबा काढला, कणीक भिजवली, चूल पेटवली आणि आईसारखी जाड पोळी भाजली. तीच त्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवली. गजराबाईची पोळी मागच्या दारी बांधलेल्या शेळीला घातली. शेळीला बिचारीला महिनाभर धड पाला मिळाला नव्हता, तिनं दोन घासांत संपवली.

आणि त्याच संध्याकाळी मी तयारीच्या सभेत उभी राहिले. हे लिहिताना माझं मलाच हसू येतं, पण ते हसू काही चांगलं नाही. माझी बोलायची तयारी आठवडाभर चाललेली होती. मी सांगितलं की मला माझ्या आवाजाचा गर्व आहे, गाणं म्हणताना मी प्रभूकडे न बघता लोकांकडे बघते. मी सांगितलं की भावाच्या वाटणीची सुकडी, सरकारी वाटपातलं ते गोड पीठ, मी एकदा खाल्ली. मी धुळीहून हलकी आहे, वगैरे वगैरे. नेमक्या जागी माझा गळा दाटला. दोन-तीन बाया पदर डोळ्यांना लावायला लागल्या. पाळकसाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, मोठ्यांनो, नम्रता शिकायची तर या लेकराकडून शिका. मी मान खाली घातली. कशी दिसत असेन, हाच विचार तेव्हा माझ्या मनात होता. पुढे पन्नासेक वर्षांत मी पुष्कळ गर्विष्ठ माणसं पाहिली, डॉक्टर पाहिले, मोठे साहेब पाहिले. पण त्या संध्याकाळच्या माझ्याइतकं गर्विष्ठ कुणी भेटलं नाही. आई माझ्याकडे बघत नव्हती. ती जमिनीकडे बघत होती.

रविवारी पाळकसाहेबांनी माझी पोळी मोडली. सगळ्यांनी खाल्ली. मीही खाल्ली. दाराशी गजराबाईपर्यंत पोचला तो नुसता चुरा. पेला फिरला. शेवटचं गीत व्हायच्या आधी गजराबाई दाराशी उठून उभी राहिली. ती पहिल्यांदाच देवळात बोलत होती. "जल्मात माझ्या हातचं कुनी खाल्लं न्हाई," ती म्हणाली. "आज समद्यांनी खाल्लं. आता मी मेले तरी चालंल." आणि ती खाली बसून हुंदके देऊन रडायला लागली. बाबाही रडले.

त्यानंतरचा आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. शिक्षा येणार हे मला पक्कं ठाऊक होतं, फक्त ती कुठून येणार ते कळत नव्हतं. रोज सकाळी बाबांच्या दाढीच्या आरशात जीभ बाहेर काढून बघायची. जरा ढेकर आला तरी वाटायचं, झालं. आणि त्याहून वाईट म्हणजे गजराबाई. ती रस्त्यात भेटली की लांबूनच 'सलाम' म्हणायची आणि माझ्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडायची. खरं सांगावं तर तिचा आनंद जातो. न सांगावं तर माझा जीव जातो. मी मनाला समजवायचे की तिच्या भल्यासाठीच मी गप्प आहे. पाप लपवायला इतकी चांगली सबब मला त्याआधी आणि त्यानंतरही सापडली नाही.

गुरुवारी मी बाबांना सांगितलं. ते वह्या तपासत होते. मी सगळं सांगितलं, शेळीसकट. मला वाटलं होतं, मारतील, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी लाल पेन्सिल खाली ठेवली. मग त्यांनी एकच विचारलं, तिला सांगितलंस का? मी म्हटलं, तुम्हाला सांगितलं ना. ते म्हणाले, "पोळी माझी नव्हती, सुमन." आणि पुन्हा वह्यांकडे वळले. त्यांचा चेहरा एवढा थकलेला मी कधी पाहिला नव्हता.

त्याच संध्याकाळी मी गजराबाईच्या घरी गेले; ते मी तोवर पाहिलेलंही नव्हतं. ती कामावरून येऊन दारात दोर वळत बसली होती. दोराचं एक टोक तिच्या पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं होतं. पोरं शेजारी सुकडीचं रिकामं भांडं बोटानं पुसत होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. या वेळी गळा दाटला नाही. ती थांबली नाही, दोर वळत राहिली. मला वाटलं, तिला कळलं नाही, म्हणून पुन्हा सांगायला लागले, तर ती म्हणाली, कळलं. मग तिनं विचारलं, "मंग माज्या पोळीचं काय केलंस?"

मी म्हटलं, शेळीला घातली.

तिचे हात तेव्हा थांबले. "शिवायची न्हवती तर माघारी द्यायची हुतीस," ती म्हणाली. "तुमी आमचं खात न्हाई ह्ये काय मला नवं न्हाई. पर गहू हुता गं त्यो. ह्या दोगांनी मागितला तर म्या हातावर मारलं, म्हनलं देवाचा हाय. पोरांनी खाल्ला असता."

ती ओरडली नाही. विटाळाची, जातीची, माझ्या नरकाची, सगळी भीती मी इतके दिवस पोटात घेऊन हिंडले होते, पण त्या दोन पोरांचा विचार माझ्या मनाला एकदाही शिवला नव्हता. मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, माझ्यापाशी रडू नकोस, मी काय पाळक न्हाई. ज्यांनी खाल्लं असं मी समदीकडं सांगत सुटले, त्यांना सांग. नाहीतर मी खोटी पडते.

रविवारी गीतानंतर मी उभी राहिले. मी उठताच सगळ्यांचे चेहरे उत्सुक झाले. मागच्या खेपेला लोकांना माझं बोलणं आवडलं होतं ना. मी चार वाक्यं बोलले. पोळी गजराबाईची नव्हती, मी केलेली होती. तिची मी शेळीला घातली. मला किळस आली म्हणून घातली. मागच्या शनिवारी मी जे बोलले ते ढोंग होतं. बस. मी माणसांकडे बघत होते, आणि मला जे दिसलं ते मी अपेक्षिलेलं नव्हतं. काहींच्या चेहऱ्यावर राग होता. पण काहींचे खांदे सैल पडले. आठवडाभर काहीतरी घशात अडकलेलं होतं ते खाली उतरल्यासारखं त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढे बसलेल्या मंडळीच्या एका पंचाच्या तोंडून तर हळूच निघूनही गेलं, चला, बरं झालं. ते गजराबाईनं ऐकलं. बाबांनीही ऐकलं.

तेव्हा बायकांच्या बाजूनं आई उठली. माझी आई, जी देवळात कधी मोठ्यानं 'आमेन'ही म्हणायची नाही. तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "पीठ कमी झालेलं मी शनिवारीच पाहिलं होतं. पोळीचा आकार माझ्या हातासारखा, आमच्याच घरचा आहे, ते मला कळलं. मी गप्प बसले. बरं वाटलं मला." आणि ती खाली बसली. तिच्या मागून कुणीच उठलं नाही. बाबांनी आशीर्वाद द्यायला हात वर केला. त्यांनी हात तसाच खाली घेतला आणि उपासना तशीच संपली. बाबांच्या नोकरीवर गदा येईल असं आम्हाला वाटलं होतं. शाळा मिशनची, तिकडे तक्रारीची पत्रं गेली, चौकशी झाली, पण दुष्काळात मास्तर बदलायला कुणाला उसंत नव्हती.

पुढचं प्रभुभोजन आलं तेव्हा गजराबाई आपण होऊन काही म्हणाली नाही. मी पुन्हा आणायची न्हाई, तुमाला पायजे तर मागायला या, असं तिनं बाबांना सांगून ठेवलं होतं. आई गेली. मला बरोबर घेतलं. डब्यातलं सगळं पीठ तिनं परातीत घेतलं होतं आणि मांगवाड्याच्या तोंडाशी आल्यावर ती थांबली. एवढा वेळ थांबली की मला वाटलं, परत फिरणार. मग चालू लागली. गजराबाईनं आधी तिला पाणी दिलं. आईनं ते तोंडाला लावलं, मध्ये एकदा थांबली, आणि संपवलं. त्या दोघी एकमेकींशी काही गोड बोलल्या असं नाही. गजराबाई म्हणाली, पीठ लई जाडं दळलंय. आई म्हणाली, जातं बोथट झालंय. दोघी चुलीपुढे बसल्या, मी पोरांना खेळवत दारात बसले, आणि त्या दिवशी दोन पोळ्या जास्त झाल्या. त्या तिथेच पोरांनी खाल्ल्या.

रविवारी ताटली फिरली. या वेळी खरोखरीच तिच्या हातची पोळी होती आणि ते सगळ्यांना माहीत होतं. मी टक लावून बघत होते. तीन माणसांनी ताटली हातात घेतली, तोंडाजवळ नुसती बोटं नेली आणि तशीच पुढे सरकवली. अगदी सफाईनं. माझ्यासारखी तरबेज पोर बघत नसती तर कुणाला कळलंही नसतं. पण गजराबाईलाही कळलं. ती दाराशी नव्हती त्या दिवशी, आईच्या शेजारी बसली होती, आणि ताटली कुणाच्या हातात कशी थांबते ते ती माझ्याइतकंच बघत होती.

देऊळ सुटल्यावर मी तिला बाजूला घेतलं. मी एवढं सगळ्यांसमोर उघडं व्हायचं आणि यांनी असं? मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता जाऊन बाबांना त्या तिघांची नावं सांगते, पुढच्या रविवारी उभे करू देत त्यांना. गजराबाईनं माझं मनगट धरलं. तिचा हात खरबरीत होता आणि मी तो सोडवून घेतला नाही.

"नको," ती म्हणाली. "तुजं तू सांगितलंस. त्येंचं त्येंना सांगू दे."

त्या तिघांपैकी एकजण मरायला टेकला असताना गजराबाईला बोलावणं पाठवून तिच्याशी काहीतरी बोलला, एवढं मला ठाऊक आहे. काय बोलला ते तिनं कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बाकीचे दोघे न सांगताच गेले. आता त्यांची नातवंडं नगरला, पुण्याला चांगल्या नोकऱ्यांवर आहेत, सणाला मला सलाम करायला येतात. मी त्यांना चहा करते. त्यांच्या आजोबांची नावं मी बाबांना कधी सांगितली नाहीत, आणि इथेही लिहिलेली नाहीत.